शाळा सुटल्यानंतरचे तास आणि खेळकार्यकर्त्याचे प्रशिक्षण

शाळेची वेळ आणि आईवडिलांच्या कामाची वेळ यांचा मेळ बसत नाही, ही अडचण कारखान्यांच्या शहरांइतकीच जुनी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापनतास ठरवून दिलेले आहेत; सरासरी काढली तर दिवसाचे चार तास होतात, आणि प्रत्यक्षातली शाळा त्याहून तास-दीड तास अधिक भरते असे धरले तरी मुलाच्या जागेपणाचा मोठा भाग शाळेबाहेरच उरतो. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारपेठेत, जेथे कापडाची दुकाने सकाळी उशिरा उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात, तेथे गिऱ्हाइकापुढे उभ्या असणाऱ्या नोकरदार स्त्रीचा दिवस शाळा भरल्यानंतर सुरू होतो आणि शाळा सुटल्यावर कित्येक तासांनी संपतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर पाळी करणारा बाप आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई हे चित्र अजून पुसले गेलेले नाही. तेथे आई घरातच असते हे खरे, पण हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत ती मुलाच्या वाट्याला येत नाही, हेही तितकेच खरे.

या मधल्या तासांची व्यवस्था समाजाने आजवर आपापल्या परीने लावली आहे. आजी असेल तर आजी, नसेल तर शेजार, नाहीतर शिकवणी, आणि काहीच नसेल तर हातात मोबाईल. यांपैकी शिकवणीचा उपाय सर्वांत प्रतिष्ठित ठरला आहे, कारण त्यात मूल सांभाळले जाते आणि अभ्यासही होतो असा दुहेरी लाभ दिसतो. मात्र पाच तास बाकावर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला आणखी दोन तास सतरंजीवर बसवल्याने नेमके काय साधते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शाळेच्या आवारातच, शाळेच्या आधी आणि नंतर, मुलांना सुरक्षितपणे राहता आणि खेळता यावे म्हणून चालवल्या जाणाऱ्या केंद्रांची पद्धत युरोपात व जपानात रुळलेली आहे, आणि अशा केंद्रात मुलांसोबत राहणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीला ब्रिटनमध्ये ‘प्लेवर्कर’ म्हणतात. मराठीत तिला खेळकार्यकर्ता म्हणता येईल. मुले तिला अर्थातच ताई किंवा दादा म्हणतील. ही व्यक्ती शिक्षक नसते, दाई नसते आणि क्रीडाप्रशिक्षकही नसते. तिन्ही पेशांतील काही कौशल्ये तिला लागतात, परंतु तिच्या प्रशिक्षणाचा गाभा या तिन्हींहून वेगळा आहे: इतर पेशांत मोठ्या माणसाला काय करावे हे शिकवले जाते, तर येथे बहुतांश वेळ काय करू नये हे शिकवले जाते, आणि म्हणूनच हे शिक्षण वरकरणी दिसते त्याहून अवघड आहे.

भारतीय कायद्याने बालसंगोपनाचा विचार केला नाही असे नाही, पण तो वयाच्या सहाव्या वर्षापाशी थांबतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसपेक्षा, अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानेही तशी तरतूद केली, परंतु ती कारखान्याच्या जागेला लागू होती, आणि पाने-तंबाखू घरी आणून वळणाऱ्या बाईचे घर हे कारखान्याची जागा ठरत नसल्यामुळे सोलापुरातील असंख्य मुले त्या पाळणाघराच्या बाहेरच राहिली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, जिची ओळख गावोगाव अंगणवाडी म्हणून आहे, तीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली, पण नवी पेठेतल्या दुकानांत एकेका मालकाकडे चार-सहा किंवा दहा-पंधरा माणसे कामाला असतात. सहा वर्षांनंतर मूल शाळेत जाते, त्यामुळे त्याचा प्रश्न सुटला, असे या सगळ्या रचनेत गृहीत धरलेले आहे. सहा ते बारा या वयातील मुलाच्या दुपारी आणि संध्याकाळी कोणत्याच खात्याच्या नसतात.

प्रशिक्षणाची परंपरा मात्र महाराष्ट्रात चांगली समृद्ध आहे, आणि ती बालवाडीच्या अंगाने आलेली असली तरी खेळकार्यकर्त्याच्या शिक्षणाला लागणारी अनेक सूत्रे तिच्यात आधीच सापडतात. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभारले, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या आदिवासी मुलखात नेले. बोर्डीपासून त्यांच्यासोबत असलेल्या अनुताई वाघ यांनी पुढे तेच आयुष्यभर चालवले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडत नाहीत, हे लक्षात आल्यावर या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांतून साधने घडवली. मुले केंद्रावर येत नाहीत असे दिसल्यावर केंद्रच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणावर नेले. या प्रयोगातून घडणाऱ्या शिक्षिकेच्या अंगी मुलांना बोलावण्यापेक्षा मुले असतील तेथे जाण्याची आणि जवळ असेल त्यातून खेळ उभा करण्याची सवय बाणली, आणि या दोन्ही सवयी खेळकार्यकर्त्याच्या पायाभूत सवयी आहेत.

दुसरा धागा बांधकामांवरून आला. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेल्या मोबाईल क्रेशेसचे काम १९७२ मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यात पोचले. तेथे तान्ह्यांचा पाळणा, तीन ते सहा वर्षांची बालवाडी आणि सहा वर्षांपुढच्या मुलांचा वर्ग असे तीन गट एकाच छपराखाली चालत, त्यामुळे तेथील कार्यकर्तीला एकाच वेळी वेगवेगळ्या वयांच्या मुलांत वावरण्याचे शिक्षण मिळाले. तिसरा धागा पुण्याच्या सारसबागेसमोरील गरवारे बालभवनाचा. शोभा भागवत यांनी आकार दिलेले हे बालभवन १९८० च्या दशकापासून शाळेबाहेरच्या वेळेत मुलांना खेळायला, रंगवायला, नाटक करायला आणि नुसते हुंदडायला जागा देत आले आहे, आणि परीक्षा नसलेल्या ठिकाणी मुलांसोबत राहणारी ताई कशी असावी याचा मराठीतला सर्वांत स्पष्ट नमुना तेथेच पाहायला मिळतो. शाळा सुटल्यानंतरच्या केंद्राच्या कल्पनेला महाराष्ट्रात सर्वांत जवळची संस्था शोधायची तर ती बालवाडी नव्हे, बालभवन होय.

खेळकार्याची पाश्चात्त्य परंपरा याहून वेगळ्या मुळातून उगवली. डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सी. टी. सोरेन्सन यांनी स्वतः आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा बांधकामाच्या उकिरड्यावर मुले अधिक रमतात हे पाहिले आणि त्याच निरीक्षणावर १९३० च्या दशकात भंगार-क्रीडांगणाची कल्पना मांडली. १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे असे पहिले क्रीडांगण प्रत्यक्षात आले. तेथे फळ्या, विटा, दोर, खिळे आणि हातोडे होते, आणि जॉन बर्टेल्सन नावाचा एक प्रौढ होता, ज्याचे काम मुलांना खेळवणे नसून मुलांचा खेळ चालू राहील अशी जागा राखणे हे होते. १९४६ मध्ये ब्रिटनच्या लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी ते पाहिले आणि लंडनच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर तशीच क्रीडांगणे उभी करण्याची चळवळ चालवली. बर्टेल्सनसारख्या माणसाने नेमके काय करायचे असते, या प्रश्नातूनच पुढे एक पेशा, त्याची परिभाषा आणि त्याचे अभ्यासक्रम तयार झाले. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये मान्य झालेल्या आठ खेळकार्य-तत्त्वांत खेळाची व्याख्या अशी केली आहे की तो मुलाने स्वतः निवडलेला, स्वतः चालवलेला आणि बाहेरच्या बक्षिसासाठी नव्हे तर आतल्या ओढीने केलेला असतो. या तीन कसोट्या लावल्या तर शाळेच्या क्रीडातासाचा, स्नेहसंमेलनातल्या नाचाचा आणि ‘खेळातून गणित’ म्हणून चालणाऱ्या बहुतेक उपक्रमांचा खेळात समावेश होत नाही. ते उपक्रम वाईट असतात असे नाही, पण त्यांना खेळ म्हणणे ही मोठ्यांची सोय असते.

प्रशिक्षणाची सुरुवात पाहण्यापासून होते. शिकाऊ कार्यकर्त्याने अर्धा तास एका कोपऱ्यात बसून एकाच मुलाचा खेळ पाहायचा आणि मूल्यमापनाचा एकही शब्द न वापरता लिहून काढायचा, हा पाठ सोपा वाटतो. परंतु ‘मुलगी हट्टी आहे’, ‘मुलाने छान मनोरा केला’ ही वाक्ये निरीक्षण नसून निकाल आहेत, हे कळायलाच बरेच दिवस जातात. ‘मुलीने तीन वेळा डबा हिसकावला, तिसऱ्या वेळी हसली आणि परत दिला’ हे निरीक्षण होय, आणि त्यातून हट्टीपणापेक्षा काही वेगळे चालले असावे असा संशय येऊ लागतो. गॉर्डन स्टरॉक आणि पेरी एल्स यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या खेळचक्राच्या सिद्धान्ताचा येथे उपयोग होतो. त्यांच्या मते प्रत्येक खेळाची सुरुवात एका इशाऱ्याने होते. तो इशारा नजरेचा असेल, चेंडू पायाशी टाकण्याचा असेल किंवा नुसत्या धक्क्याचा असेल. त्याला कोणी प्रतिसाद दिला की खेळाभोवती एक चौकट तयार होते, त्या चौकटीत काही काळ सर्व जग सामावते, आणि मग एखाद्या क्षणी खेळ आपोआप विरून मोडतो. शिकाऊ कार्यकर्त्याला दोन गोष्टी अंगवळणी पाडायच्या असतात: इशारा ओळखणे, कारण थकलेल्या मोठ्या माणसाला बहुतेक इशारे त्रास वाटतात, आणि चौकट न मोडणे, कारण उत्साही मोठ्या माणसाला प्रत्येक चौकटीत शिरून ती सुधारण्याची इच्छा होते. भातुकली मांडलेल्या मुलींना ‘अगं, आधी भाजी धुवायची ना?’ असे सांगणारी ताई प्रेमळ असते, पण त्या वाक्यासरशी खेळ तिचा झालेला असतो.

मग मोठ्याने मध्ये पडायचे तरी कधी? खेळाचे सोळा प्रकार नोंदवणाऱ्या बॉब ह्यूज यांच्या लेखनात याचे बरेच बारकाईने विवेचन आहे, आणि त्याचा सारांश असा की बोलावले तर जावे, साहित्य लागले तर पुरवावे, इजेचा किंवा छळाचा धोका दिसला तर थांबवावे, आणि एरवी दिसेल इतक्या अंतरावर पण वाटेत न येता असावे. हा नियम सांगायला एका ओळीचा आहे. त्याचा सराव सर्वांत जास्त लागतो तो मुलांच्या मारामारीच्या खेळात. अंगावर पडणे, ढकलणे, कुस्ती, पाठलाग हे सारे लहान मुलांच्या खेळाचे सर्वत्र आढळणारे रूप आहे आणि भांडणही बाहेरून अगदी तसेच दिसते. फरक ओळखण्याच्या काही खुणा प्रशिक्षणात शिकवल्या जातात: खेळात तोंडावर मोकळे हसू असते आणि भांडणात जबडा आवळलेला असतो, खेळात वर असलेला मुलगा थोड्या वेळाने आपणहून खाली येतो, भांडणात कोणी जागा सोडत नाही, खेळ संपल्यावर मुले एकत्रच राहतात, भांडण संपल्यावर ती दोन दिशांना जातात, आणि भांडणाभोवती बघ्यांचे कडे जमते, खेळाभोवती सहसा जमत नाही. या खुणा ठाऊक नसलेली ताई दिवसातून वीसदा शिट्टी फुंकते आणि ज्या एकाच वेळी ती फुंकायला हवी असते तेव्हा मुलांना तिचे काही वाटेनासे झालेले असते.

धोक्याविषयीचे शिक्षणही असेच सूक्ष्म आहे. मुलाला दिसतो आणि ज्याचा अंदाज घेता येतो तो धोका वेगळा, आणि मुलाला दिसतच नाही तो सापळा वेगळा, हा भेद येथे मुळाशी असतो. झाडाची उंच फांदी हा पहिल्या प्रकारचा धोका. त्याच झाडाच्या बुंध्यात लपलेला गंजका खिळा हा दुसऱ्या प्रकारचा. कार्यकर्त्याने सापळे रोज, मुले येण्यापूर्वी फिरून, काढून टाकायचे असतात आणि धोके मात्र शिल्लक ठेवायचे असतात. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धारदार वा जड अवजारे, आग-पाण्यासारखे घटक, झोंबाझोंबी, आणि नजरेआड होणे. सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत गच्चीच्या कठड्यावर चढणारी, सायकलच्या कॅरियरवर उभी राहणारी आणि डबा ऐसपैस खेळताना दोन बोळ ओलांडून लपणारी मुले पाहिली तर ही यादी नॉर्वेपेक्षा येथेच तयार झाली असावी असे वाटावे. गल्लीतल्या या धाडसाला वाहनांनी मर्यादा घातली आहे. ज्या बोळात पूर्वी विटीदांडू चाले तेथे आता दुचाक्या उभ्या असतात. त्यामुळे बंद फाटकाचे शालेय आवार संध्याकाळी मोकळे राहणे ही आजच्या पेठेत मोठीच संपत्ती ठरते, आणि तिचा वापर करायचा तर फाटकाच्या आत थोडे धाडस चालू देण्याची हिंमत संस्थाचालकांनाही शिकवावी लागते.

साहित्याच्या बाबतीत सोलापूरला दुसऱ्या कोणाचे अनुकरण करण्याची गरज नाही. सायमन निकोलसन यांनी १९७१ मध्ये ‘सुट्या वस्तूं’चा सिद्धान्त मांडला, ज्याचा अर्थ एवढाच की एखाद्या जागेत हलवता, जोडता आणि मोडता येण्याजोग्या वस्तू जितक्या अधिक तितकी तेथे कल्पकतेला वाव अधिक, घसरगुंडीचा उपयोग घसरगुंडीसारखाच होतो, पण पुठ्ठ्याच्या खोक्याचे घर, बस, दुकान आणि गुहा असे काहीही होते. यंत्रमागाच्या या शहरात सुताचे रिकामे कोन, कांड्या, चादरी-टॉवेलच्या कडा आणि चिंध्या, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतली कात्रणे, आणि नवी पेठेतल्या दुकानांबाहेर रोज साठणारे पुठ्ठे हे सारे जवळजवळ फुकट मिळते. प्रशिक्षणात साहित्य जमवणे, धुणे, निवडणे, कोणत्या वयाला कोणती वस्तू घशात अडकू शकते हे पाहणे आणि ते सगळे खेळानंतर पुन्हा जागेवर लावण्याची पद्धत बसवणे, याला सहसा वाटतो त्याहून बराच वेळ द्यावा लागतो, कारण साहित्याचा गोंधळ झाला की मुख्याध्यापकांचा पहिला आक्षेप खेळावर येतो. सागरगोटे, लगोरी, आट्यापाट्या, लंगडी, फुगडी, भोवरा या खेळांची माहिती कार्यकर्त्याला असावी, पण ती शिकवण्यासाठी नव्हे. मुलांनी मोडलेला नियम हा नियमाचाच पुढचा पाठ आहे, हे समजण्यापुरती असावी.

सोलापूरची आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात घ्यावी लागेल, ती म्हणजे भाषा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी घरे येथे शेजारी शेजारी आहेत आणि शाळाही वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, त्यामुळे शाळेत जी मुले एका वर्गात कधी बसत नाहीत ती शाळेनंतरच्या केंद्रात एका गोट्यांच्या डावात येऊ शकतात. खेळात मुले दुसऱ्याची भाषा फार लवकर उचलतात, आणि त्यातही शिव्या सर्वांत आधी. ताईने यावर भाषणे देऊ नयेत, पण कोणाच्या घरच्या बोलीची टिंगल खेळाच्या नावाखाली चालली आहे का, यावर तिचे लक्ष असावे लागते. निरोप, तक्रार आणि वेदना मूल आपल्या घरच्या भाषेत सांगते, म्हणून केंद्रातील दोघांतिघांपैकी एकाला तरी तेलुगू किंवा कन्नड समजणे ही येथे शोभेची नव्हे, सुरक्षिततेची गरज होते.

सुरक्षिततेचा भाग रुक्ष असला तरी वगळता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार, अर्थात पोक्सोनुसार, अठरा वर्षांखालील मुलावर असा अपराध झाल्याचे कळले किंवा होण्याची शक्यता वाटली तर पोलिसांना कळवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे आणि न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘आधी संस्थेत बोलून घेऊ’ ही पळवाट त्यात नाही. मूल काही सांगू लागले तर त्याला प्रश्नांनी खोदायचे नाही, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी फळ्यावर मुलांना दिसेल अशी लिहून ठेवायची, एवढे तरी प्रत्येक शिकाऊ कार्यकर्त्याला तोंडपाठ असावे. त्यासोबत मूल कोणाच्या हाती सोपवायचे याची नोंदवही येते. बाजारपेठेच्या गर्दीत ‘मी त्याचा काका’ म्हणून आलेल्या माणसाला मूल देण्यापूर्वी नाव, सही आणि आईचा दूरध्वनी यांची पडताळणी करणे उद्धटपणा ठरत नाही. प्रथमोपचारात घशात वस्तू अडकणे, डोक्याला मार, रक्तस्राव आणि फिट येणे यांच्या जोडीला येथे उष्माघात हवाच, कारण एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात दुपारचा खेळ सावलीत आणि संध्याकाळचा मोकळ्यावर अशी विभागणी करणे आणि पाण्याची टाकी रोज तपासणे, हे खेळकार्यच आहे. शहराला नळाचे पाणी काही दिवसांआड मिळत असताना तर विशेषच.

इतर देशांनी हे शिक्षण किती लांबीचे ठेवले आहे याची तुलना बोधक आहे. स्वीडनमध्ये, जेथे ॲना हिएर्टा-रेत्सिउस यांनी १८८७ मध्ये स्टॉकहोमला गरीब मुलांसाठी शाळेबाहेरच्या वेळेत चालणारी पहिली कार्यशाळा काढली, शाळेनंतरच्या केंद्रातील शिक्षकाला आज विद्यापीठाची पदवी लागते. जपानने २०१५ पासून शाळेनंतरच्या केंद्रातील सहायकांसाठी १६ विषयांचे, एकूण २४ तासांचे प्रशिक्षण ठरवले, सुमारे ४० मुलांच्या गटामागे दोन माणसे आणि त्यांतील किमान एक प्रशिक्षित अशी अपेक्षा ठेवली, आणि मुलामागे १.६५ चौरस मीटर जागा सांगितली. इंग्लंडने मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात, प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत जागा मिळावी म्हणून, २८ कोटी ९० लाख पौंडांची घोषणा केली आणि लगेचच असे दिसले की इमारती आणि पैसा यांच्याआधी माणसे कमी पडतात. सोलापूरच्या संदर्भात स्वीडनचा मार्ग दूरचा आहे. जपानचा मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात घरसंसार सांभाळणाऱ्या, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काम सोडून वर्षभर महाविद्यालयात बसावे लागत नाही. मात्र चोवीस तासांच्या भाषणांनी कोणी खेळकार्यकर्ता होत नाही. वर्गातल्या प्रत्येक तासामागे केंद्रावरचे निदान पाच-सहा तास, आणि त्या तासांवर अनुभवी सहकाऱ्यासोबत बसून केलेली चर्चा, असे प्रमाण ठेवले तरच निरीक्षणाची सवय हाडी मुरते. बोर्डी-कोसबाडला शिक्षिका घडल्या त्या अशाच, मुलांमध्ये राहून आणि रोज संध्याकाळी टिपणे वाचून.

या शिक्षणाची परीक्षा कशी घ्यायची, हाही वेगळाच प्रश्न आहे. लेखी प्रश्नपत्रिकेत खेळाची व्याख्या पाठ करून लिहिणारी शिकाऊ ताई केंद्रावर गोल करून बसलेल्या मुलांना तासभर टाळ्या वाजवायला लावू शकते, आणि व्याख्या न आठवणारी दुसरी एखादी कोपऱ्यात चिंध्या निवडत बसून तीस मुलांचा खेळ निर्विघ्न चालू देते. परीक्षकाला दुसरीचे कौशल्य दिसायला हवे, पण तिने काही केले नाही असे वाटणे ही नेमकी त्या कौशल्याची खूण आहे. म्हणून काही ठिकाणी शिकाऊ कार्यकर्त्याच्या वहीवर भर दिला जातो: आज कोठे मध्ये पडलो, का पडलो, न पडता चालले असते का, आणि त्या वेळी माझ्या मनात भीती होती, कंटाळा होता की मिरवण्याची इच्छा होती. या नोंदी प्रामाणिक व्हायला हव्या असतील तर त्या गुणांसाठी वापरता कामा नयेत.

पालकांचा दबाव हा प्रशिक्षणाचा शेवटचा आणि बहुधा सर्वांत व्यावहारिक धडा. मूल घ्यायला आलेली आई पहिला प्रश्न विचारते तो ‘गृहपाठ झाला का?’ असाच, आणि ज्या केंद्राची फी भरावी लागते तेथे या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. काही केंद्रे अर्धा तास शांत कोपऱ्यात दप्तर उघडण्याची मुभा देतात, सक्ती करत नाहीत. ही तडजोड वाईट नाही, फक्त अर्ध्या तासाचा दीड तास कधी होतो हे ताईने पाहायला हवे. पालकांशी बोलताना तिला ‘आज तो दोन तास एकच बोगदा बांधत होता, तीनदा पडला, चौथ्यांदा दुसऱ्या मुलाला बोलावून आणले’ असे नेमके सांगता आले तर खेळ म्हणजे वेळ घालवणे ही समजूत हळूहळू सैल होते, आणि निरीक्षणाच्या वहीचा हा अनपेक्षित फायदा ठरतो. मात्र दिवसाचे तीन-चार तास, शाळेच्या सुटीत अधिक, आणि मोबदला अंगणवाडी सेविकेच्या मानधनाहूनही कमी, अशा अटींवर एखादी ताई दीडदोन वर्षे शिकून तयार होते आणि तिसऱ्या वर्षी पूर्ण दिवसाची नोकरी मिळताच निघून जाते. अशा वेळी केंद्राला नव्या माणसाला पहिल्यापासून पाहायला शिकवावे लागते, आणि मुलांना नव्या ताईला पहिल्यापासून पारखावे लागते.